मॅडमचे मालक

लोणारकडे जाणारी बस त्या दुपारी मेहकरच्या स्थानकातून वेळेवर सुटली नाही. एका बाईंचा उजवा पाय बसच्या खालच्या पायरीवर होता आणि तो त्या काढत नव्हत्या.

त्यांच्या शेजारी पाच-सहा वर्षांची एक मुलगी दोन्ही हातांनी दांडा धरून पायरी चढत होती. तिचे गुडघे एकमेकांना घासत होते आणि टाचा टेकत नव्हत्या. मागे तिचे आजोबा तिला उचलायला हात पुढे करून उभे होते. ते हात जवळ आले की बाई त्यांच्यावर छत्रीने हलकी टपली मारत.

"मॅडम, टाइम झाला," कंडक्टर म्हणाला.

"तुमची बस कधी टायमावर गेली व्हय? आजच काऊन घाई?"

"मी उचलून घेतो न पोरीले."

"तुमाले कोनी असं उचलून बसमध्ये टाकलं असतं, तं तुमी कंडक्टर झाले असते का?"

बस हसली. खिडकीतून एका म्हातारीने विचारले, "काय झालं वो पोरीले?"

"काही नाही. चढून राह्यली," बाई म्हणाल्या.

मुलगी वर पोचली. बाईंनी पाय काढला आणि तिला गंभीरपणे नमस्कार केला. "राम राम मालक. उद्या या." मग आजोबांना म्हणाल्या, "मालकाले खिडकीपाशी बसवा."

मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो आणि स्थानकातल्या बंद पाणपोईची बातमी घ्यायला गेलो होतो. सोबत धाकटी बहीण मयूरी होती. ती बारावीत होती आणि नीटच्या शिकवणीवरून घरी निघाली होती. बस दिसेनाशी झाल्यावर तिने विचारले, "दादा, हे शिकवतात कुठं?"

पाणपोईची बातमी राहिली.

बाई लहान मुलांच्या फिजिओथेरपिस्ट होत्या. सगळे मेहकर त्यांना मॅडम म्हणत असे, म्हणून इथेही तेच. मूळच्या संग्रामपूरकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातल्या. शिक्षण पुण्यात. एवढी मोठी इस्पितळे सोडून त्या मेहकरला का आल्या, याची दोन कारणे सांगितली जात: एक लग्न मोडल्याचे, दुसरे बस चुकल्याचे. दोन्हींची खात्री करता आली नाही. त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "जे जास्त बरं वाटते ते लिहा."

पुण्यात त्यांच्या बोलण्याला वर्गातली मुले हसत, असे त्या सांगत. तेव्हापासून त्यांनी दोन भाषा ठेवल्या होत्या. फोनवर मोठा डॉक्टर असला आणि तो तोऱ्यात बोलू लागला, की मॅडमची वऱ्हाडी अधिकाधिक दाट होत जाई. समोरचा नम्र असला तर त्या स्वच्छ पुस्तकी मराठीत बोलत.

त्यांचा दवाखाना स्पेअर पार्टच्या दुकानामागच्या एका जुन्या गोदामात होता. खाली शहाबादी फरशी, वर पत्रे, भिंतीला आडवे बांबू, कोपऱ्यात मोठे रबरी चेंडू. मोठ्या माणसांसाठी खुर्ची नव्हती. आई-बाप, आजी-आजोबा, मी, एकदा तर तहसीलदारसुद्धा जमिनीवर पोत्याच्या बस्करावर बसत. मुलांच्या उंचीवर येऊन बोला, असे मॅडमचे म्हणणे होते.

दारात एक फळी होती. तिच्यावर तेलाच्या बाटल्या ओळीने उभ्या असत: तिळाचे, एरंडाचे, कुठल्याशा वैद्याने मंत्रून दिलेले. चालत नसलेल्या मुलाला घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस सोबत तेल आणी, कारण फिजिओथेरपी म्हणजे मालिश अशीच समजूत होती. मॅडम बाटली दारातच काढून घेत आणि जाताना परत देत. "भजे तळा," एवढीच सूचना असे.

मूल त्यांच्यासाठी मालक होते. दीड वर्षाचे असो की दहा वर्षांचे, मुलगी असो की मुलगा. आई-बाप सालगडी. "मालक, आज काय विचार? चेंडूवर जाचं का पायऱ्यावर?" असे विचारून त्या खरोखर उत्तराची वाट पाहत. उत्तर द्यायला मुलाला कितीही वेळ लागो. मध्येच आई बोलली की मॅडम मुलालाच विचारत, "मालक, हे सालगडी फार बोलतात तुमचे. बाहेर पाठवू का?" मुले खूश होत. काही आयांना राग येई. एक बाई तणतणत निघून गेल्या आणि पुढच्या सोमवारी परत आल्या, कारण मुलाने घरी बापाला बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली होती.

दुसरे वाक्य दिवसभर चालू असे: "टाच टेकव, मालक." ज्या मुलांच्या पोटऱ्या कडक असतात ती चवड्यावर चालतात. त्यामुळे गोदामाच्या सगळ्या कोपऱ्यांतून टाचेचा उद्धार होई. काही दिवसांनी तिथे येणारे आई-बापही आपली टाच टेकते का, हे पाहू लागत.

मयूरी पहिल्यांदा गेली तेव्हा मीही होतो. मॅडमनी नाव विचारले नाही.

"चप्पल काढ. फाटकापर्यंत जाऊन ये."

मयूरी गेली आणि आली.

"कोनाच्या तरी मागं चालायची सवय हाय तुले. पुढं कोन असते?"

"बाबा," मयूरी म्हणाली.

"हं. आता तुमी." मी गेलो आणि आलो. "बॅग कधीमधी डाव्या खांद्यावर घ्या," एवढ्यावर माझी सुटका झाली.

मयूरीने सांगितले की तिला हेच काम करायचे आहे, लहान मुलांचे. मॅडम तिच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "गाईसारखी हंबर."

"आँ?"

"हंबरता येते का? त्या पोराले पोटावर झोपून मान वर करायची हाय. तो गाय दिसल्याशिवाय मान वर करत नाही. मी सकाळपासून हंबरून राह्यली. घसा बसला माझा."

मयूरीने इकडेतिकडे पाहिले आणि हंबरली. आधी बारीक, मग चांगली मोठ्याने. चटईवरच्या मुलाने मान वर केली, तिच्याकडे पाहिले आणि हसता हसता मान वरच धरून ठेवली.

"गाय जमली," मॅडम म्हणाल्या. "रविवारी ये."

घरी येताना मयूरी मोटरसायकलवर मागे बसून सगळा रस्ता बोलत होती. नीटच्या गुणांवर ‘बीपीटीएच’ला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला जाता येते, साडेचार वर्षे, त्यात शेवटी इंटर्नशिप, मग लहान मुलांच्या विषयात आणखी दोन वर्षे. हे तिने मॅडमच्या पाच मिनिटांच्या बोलण्यातून पाठ केले होते. दोनदा तिने रस्त्यातल्या खऱ्या गाईला उत्तर दिले.

अडचण बाबांची होती. बाबांचे मेहकरात कृषी केंद्र. बियाणे, खते, औषधे. त्यांना मयूरी आयुर्वेदाची डॉक्टर व्हायला हवी होती. दुकानाशेजारचा गाळा त्यासाठी त्यांच्या मनात ठरलेला होता.

"मालिश शिकाले कॉलेज कशाले लागते?" ते म्हणाले. "अन् डॉक्टर तरी म्हनन का तुले कोनी?"

मयूरीने त्यांना समजावले, आईने समजावले, मी माझ्या परीने समजावले. बाबा ऐकून घेत आणि तेच वाक्य पुन्हा म्हणत. शेवटी मयूरीने मॅडमना विनंती केली, तुम्ही एकदा बाबांशी बोला.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "मी मालकासाठी भांडते. तू मालक नाही. तुझा बाप तू पाह्य."

मात्र रविवार त्यांनी सोडला नाही. वर्षभर मयूरी दर रविवारी गोदामात जाऊन बसे. पहिले काही महिने तिला मुलांना हात लावायची परवानगी नव्हती. फक्त पाहायचे. संध्याकाळी परीक्षा होई. "आरूनं पाण्याचा ग्लास कोन्या हातानं घेतला? तवा दुसरा हात काय करून राह्यला होता? पडली तवा आधी काय टेकलं?" मयूरीचे उत्तर चुकले की मॅडम आरूलाच विचारत आणि आरू बरोबर उत्तर देई.

आरू म्हणजे बसच्या पायरीवरची ती मुलगी. सुलतानपूरची, आजोबांजवळ राहणारी. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झालेली, सेरेब्रल पाल्सी. बुद्धी तल्लख, जीभ त्याहून तल्लख, पाय कडक. तिच्यावर मी एकदा बातमी लिहिली आणि छापण्याआधी मॅडमना दाखवली. मथळा होता ‘चिमुकलीची जिद्द’.

"जिद्द कशाची?" मॅडमनी विचारले. "बसमध्ये चढली त्याची? तिले घरी जाचं होतं."

बातमी गेली नाही. त्यांची अट साधी होती: दुसऱ्या पोराबद्दल जे छापत नाही, ते माझ्या पोराबद्दल छापायचे नाही.

आरूला वॉकरची गरज होती, मागून आधार देणाऱ्या. पुढे ढकलायच्या वॉकरवर मूल वाकून भार टाकते. मागे असलेला वॉकर मूल आपल्यासोबत ओढून नेते आणि त्यामुळे पाठ ताठ राहते. मॅडमनी तसा स्टीलचा वॉकर मागवला. आरूने तो पाहिला आणि विचारले, "हे कोन्या म्हाताऱ्याचं हाय?" आणि जमिनीवर बसली. दोन महिने तिने त्याला हात लावला नाही. मॅडमनी तिला एकदाही आग्रह केला नाही. मालकाने नाही म्हटले, विषय संपला. मात्र त्या दिवसापासून त्या मुलांना आधीच विचारू लागल्या, तुमाले काय आवडते, आणि आरू म्हणाली, बैल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत तोरणाखाली आणतात, उत्तम सजावटीला बक्षीस असते, मग घरोघर जाऊन खाऊ मिळवतात. आरू दर वर्षी आजोबांच्या कडेवर बसून जाई आणि तिचा बैल दुसरेच कोणी ओढत असे.

मॅडमनी मेहकरच्या एका सुताराला गोदामात बोलावले. त्यालाही चप्पल काढून फाटकापर्यंत चालायला लावले. मग फरशीवर खडूने चित्र काढले: दोन बैल, आरूच्या कमरेइतके उंच, तिच्या दोन्ही बाजूंना. मागून एका आडव्या दांड्याने जोडलेले. आरू मधे. मागच्या चाकांना अशी खीळ, की चाक पुढे फिरेल, मागे नाही.

"हे खेळनं हाय का औजार?" सुताराने विचारले.

"तुमी जोडी बनवा. ती ठरवीन."

जोडी आली. आरू रांगत गेली, एकाच्या वशिंडाला धरून उभी राहिली आणि तिथूनच सालगड्यांना सांगितले, "बाजूले व्हा."

ती चालू लागली, पण भार हातांवर टाकून. खांदे कानापर्यंत वर आणि अंगाचे ओझे वशिंडांवर. "हलकं धरा, मालक," मॅडम रोज सांगत. आरू रोज "हो" म्हणे आणि तसेच करी. पोळा जवळ आला तरी त्यात फरक पडला नाही. मयूरीचा निकाल लागला होता. गुण दोन्हीकडे पुरतील असे होते आणि पसंतीक्रम भरायची मुदत पोळ्याच्याच आठवड्यात संपत होती. बाबांनी वरती आयुर्वेद लिहायला सांगितले होते. मयूरीने अजून काहीच लिहिले नव्हते.

त्याच सुमारास सुलतानपूरहून बाबांना निमंत्रण आले: तान्ह्या पोळ्याच्या सजावटीचे परीक्षण. तिथले बरेच शेतकरी त्यांचे गिऱ्हाईक, त्यामुळे ते दर दोन-तीन वर्षांनी जात. त्या वर्षीचे निमंत्रणही आमच्यापैकी कोणी घडवून आणलेले नव्हते. मयूरी मॅडमसोबत सकाळीच गेली. मी बाबांसोबत दुपारी गेलो, कारण मला ‘तान्हा पोळा उत्साहात’ ही दर वर्षीची बातमी द्यायची होती.

आम्ही पोचलो तेव्हा मारुतीच्या पाराजवळ गर्दी होती आणि आरूच्या घरापुढे शांतता. जोडी अंगणात पाटावर ठेवलेली. आजोबांनी सकाळी तिची रीतसर पूजा केली होती. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, कपाळाला कुंकू. आरू फ्रॉक घालून ओट्यावर तयार बसली होती.

"बाई, जोडी मी पाटावरून खाली घेतो," आजोबा मॅडमना म्हणत होते, "पन पोरीचा भार त्यायच्यावर टाकू देनार नाही. पोळ्याले बैलाच्या खांद्यावर आपन काहीच ठेवत नाही. आज पुजले म्या त्यायले."

"आबा, लाकडाचे हायेत ते," शेजारचा एक जण म्हणाला.

"मंग कुंकू कशाले लावलं?"

मॅडम कोणाशीही वाद घालत. डॉक्टरांशी, कंडक्टरशी, तहसीलदारांशी घातलेला मी स्वतः पाहिला होता. त्या दिवशी त्यांनी घातला नाही. आरूकडे पाहिले, जोडीकडे पाहिले. महिनोन् महिने त्यांनीच केलेली तयारी कुंकवापर्यंत येऊन थांबली होती. मग त्या म्हणाल्या, "आबा, तुमचं बरोबर हाय. माझ्या ध्यानातच आलं नाही. पोळ्याले बैलाले हात लावू देता का?"

"हात लावल्याशिवाय कसा नेता येईन? धरून तं न्यावंच लागते."

"धरून म्हन्जे कसं? दाखवा न मालकाले."

आजोबांनी जोडी पाटावरून उतरवली, बैलाच्या वशिंडावर तळहात ठेवला. भार न देता, नुसता सोबतीला. "असं. तो आपल्यासंग चालते. आपन त्याच्यावर लदत नाही."

आरूने पाहिले. "अन् पडली तं?"

"पडली तं पड," आजोबा म्हणाले. "बैल उभे राहतीन. मंग ऊठ."

ती दोघांच्या मधे उभी राहिली. तळहात ठेवले. खांदे वर गेले आणि आजोबांनी नुसते "आरू" म्हटले. खांदे खाली आले. पहिल्या पावलाला ती डगमगली, दुसऱ्याला पडली. कोणी धावले नाही, कारण मॅडमची छत्री आडवी होती. आरू बैलाला धरून उठली, मात्र लगेच हात हलका केला, जसा काही त्याला दुखेल. आणि निघाली. पाठ ताठ, घुंगरू वाजते आहेत, मागे आम्ही सगळे. मयूरी तिच्या बाजूने उलटी चालत होती आणि तिचे तोंड हसून हसून दुखत असावे असे दिसत होते. मॅडम कुजबुजत होत्या, पण आरूला नाही, स्वतःला: "हलकं धरलं. हलकं धरलं बे हिनं."

तोरणाखाली सगळ्या जोड्या ओळीने उभ्या राहिल्या. बाबा परीक्षक म्हणून एकेक पाहत आले. आरूच्या जोडीपाशी थांबले. बैल विकत घेताना माणूस वाकून खूर पाहतो तसे वाकून त्यांनी चाके पाहिली, जोडी मागे ढकलून पाहिली. ती गेली नाही.

"हे मागं काऊन जात नाही?"

"खीळ हाय, बाबा," मयूरी म्हणाली. "तिचा तोल मागं जाते. चाक मागं गेलं तं ती पडन. अन् आधार मागून हाय म्हनून ती वाकत नाही. पुढून असता तं हातावर लदली असती, टाच उचलली असती." ती बोलत राहिली: कोणता स्नायू कडक, कोणता कच्चा, सहा महिन्यांत काय बदलले, पुढे काय बदलेल आणि काय कधीच बदलणार नाही. बाबा वाकलेलेच होते. आजोबाही ऐकत होते आणि मान हलवत होते.

"अन् हे मालिश कधी करता?" बाबांनी विचारले.

"कधीच नाही," आरू वरून म्हणाली. "तेल दारात ठेवा लागते."

पहिले बक्षीस दुसऱ्या जोडीला मिळाले. आरूच्या बैलांचा रंग एका बाजूने ओघळला होता आणि झूल जुनी होती. ती रागावली. मॅडमनी बाबांची बाजू घेतली. "रंग खराबच हाय, मालक. पुढच्या वर्षी पाहू." मी ‘तान्हा पोळा उत्साहात’ अशी बातमी पाठवली, बक्षीसपात्र मुलांची नावे दिली आणि आरूचे नाव त्यात नव्हते. मॅडमनी ती वाचून फोन केला, पहिल्यांदाच. "आता बरोबर लिहिलं," त्या म्हणाल्या.

परतताना मेहकर जवळ आले तेव्हा बाबांनी गाडीत समोर पाहतच विचारले, "त्या कॉलेजले नंबर कुठी कुठी लागते? अकोल्याले हाय का?"

मयूरीने त्याच संध्याकाळी पसंतीक्रम भरला.

आज त्या गोदामात कुरिअरचे ऑफिस आहे. मॅडम संग्रामपूरला परत गेल्या आणि तिथे त्यांनी तसेच एक गोदाम शोधले आहे. मयूरीचे लहान मुलांच्या विषयातले शेवटचे वर्ष चालू आहे. त्यानंतर मेहकरलाच यायचे, हे तिचे ठरलेले आहे. दुकानाशेजारचा गाळा बाबांनी अजून कोणाला दिलेला नाही. परवा त्यांनी तिथे खुर्च्या किती लागतील असे विचारले. मयूरी म्हणाली, एकही नाही.

मॅडम आठवल्या की मला मात्र नंबर लागल्यानंतरचा रविवार आठवतो. मयूरी पेढे घेऊन गोदामात गेली. मॅडमनी पेढ्यांचा डबा तेलाच्या बाटल्यांशेजारी फळीवर ठेवला, अभिनंदन वगैरे केले नाही. आरू चेंडूवर पालथी होती. मॅडम तिच्यासमोर बसल्या.

"मालक, हे नवीन सालगडी आलं. शिकून येतो म्हनते. ठेवाचं का?"

आरूने मयूरीकडे अनोळखी माणसाकडे पाहावे तसे पाहिले. विचार करायला वेळ घेतला. कोणी मध्ये बोलले नाही.

"चप्पल काढून फाटकापर्यंत जाऊन ये म्हना."

मयूरी चप्पल काढून निघाली, भराभरा, जवळजवळ पळतच. पुढे कोणी नव्हते. फाटकापाशी वळली तेव्हा मागून आरूचा आवाज आला.

"टाच टेकव."

मयूरीने टाच टेकवली.